फॉर्मॅलिनच्या बरणीत सुरू होणारे भाकीत

मागच्या वर्षी पावसाळ्यातल्या एका शनिवारी दुपारी तालुक्याच्या गावाहून एक तरुण एसटीने सांगलीला आला आणि त्याने पिशवीतून काढून आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक बरणी ठेवली. बरणी अर्ध्या लिटरची, प्लास्टिकची आणि अरुंद तोंडाची होती. त्याच्या आईचा शस्त्रक्रियेत काढलेला संपूर्ण स्तन न चिरता तिच्यात कोंबलेला होता आणि त्यावर जेमतेम बोटभर फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना सडू न देणारे रसायन, होते. लेबलवर नाव, वय, ‘उजवा स्तन’ आणि गुरुवारची तारीख एवढेच लिहिले होते. शस्त्रक्रियेची वेळ कुठेच नव्हती. मी तो नमुना चिरला तेव्हा बाहेरचा थर करडा आणि घट्ट झालेला दिसला, पण मधोमध, नेमकी गाठ होती त्या भागात, मांस अजून लालसर आणि मऊ होते. दोन दिवसांत फॉर्मॅलिन तिथपर्यंत पोहोचलेच नव्हते.

हा मजकूर त्या बरणीमुळे लिहितो आहे असे म्हटले तरी चालेल. स्तनाच्या कर्करोगाचा पुढचा प्रवास सांगणाऱ्या रेण्वीय खुणांविषयी, म्हणजे रुग्णाच्या रिपोर्टात ईआर व पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हर्मोन धरून ठेवणारी प्रथिने, म्हणजे त्यांचे ग्राहक), हर-टू (पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन) आणि की-६७ या नावांनी दिसणाऱ्या गोष्टींविषयी आणि आता जनुकांच्या महागड्या चाचण्यांविषयी, वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. त्यात चर्चा असते ती यंत्रांची आणि औषधांची. ज्या मांसाच्या तुकड्यावर हे सगळे उभे असते, तो शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडल्यानंतर पहिल्या तासात कुठे होता, हे मात्र कोणी विचारत नाही. एक पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझे मत असे आहे की आपल्याकडे भाकीत चुकते ते बहुतेक वेळा तिथेच.

फॉर्मॅलिन मांसात शिरते ते फार सावकाश, ढोबळ हिशेबाने तासाला एक मिलिमीटर. म्हणून मोठा नमुना आल्या आल्या पाच ते दहा मिलिमीटर अंतराने चिरा देऊन उघडावा लागतो, त्याच्या दहापट फॉर्मॅलिन लागते, आणि शरीरातून निघाल्यापासून तासाभराच्या आत तो त्यात बुडालेला असावा लागतो. हर्मोनच्या खुणा तपासायच्या असतील तर तो फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा, असा सर्वमान्य दंडक आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशी तशाच पडून राहिल्या की त्या स्वतःलाच पचवू लागतात. पेशीचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्यापैकी ओळखता येतो, त्यामुळे कर्करोग आहे हे निदान चुकत नाही. ज्या प्रथिनांचा आपण शोध घेणार असतो ती मात्र तोवर विस्कटलेली असतात.

आठवड्याभराने त्या बाईंच्या स्लाइड माझ्यासमोर आल्या. नमुन्याचा तुकडा मेणात गोठवून केलेल्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा पापुद्रा कापून तो कोमट पाण्यावर तरंगवतात आणि तिथून काचेवर उचलतात. मग तो बफर नावाच्या द्रावणात ठेवून चक्क प्रेशर कुकरमध्ये उकळतात. (मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी स्वयंचलित यंत्रे आली आहेत, पण आमच्यासारख्या कित्येक ठिकाणी कुकरच आहे आणि तो आपले काम चोख करतो.) फॉर्मॅलिनने प्रथिनांना घातलेल्या गाठी त्या उष्णतेने सुटतात, मग वर टाकलेले प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच ओळखणारा रेणू) हव्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि जिथे चिकटले तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकी सगळे निळे. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राहक. तो पेशीच्या केंद्रकात असतो, म्हणून केंद्रके तपकिरी दिसली तर ईआर पॉझिटिव्ह.

या स्लाइडवर सगळे निळे होते. ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टूही शून्य. तिन्ही नसले की त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि तो शब्द रिपोर्टात टंकायला पाच सेकंदही लागत नाहीत. पण गाठीच्या शेजारीच निरोगी दुग्धनलिकांचा एक पुंजका होता आणि तोही निळाच होता. निरोगी नलिकांच्या काही पेशींत ईआर असतोच; त्या अधूनमधून तपकिरी दिसायलाच हव्यात. निसर्गाने प्रत्येक स्लाइडवर फुकट दिलेला हा पडताळा आहे. तोच नापास झाला असेल तर शेजारच्या कर्करोगाच्या पेशींविषयी ‘निगेटिव्ह’ म्हणण्याचा मला अधिकार उरत नाही. मी रिपोर्टावर सही केली नाही. मुलाला फोन करून शस्त्रक्रियेपूर्वी सुईने काढलेल्या बायोप्सीचा ब्लॉक मागवला. तो दुसऱ्या एका ठिकाणी होता आणि मिळवायला चार दिवस लागले. सुईचा तुकडा दोऱ्याएवढा बारीक असतो, त्यामुळे फॉर्मॅलिन त्यात लगेच भिनते. त्यावर तीच रंगणी केली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक केंद्रके गडद तपकिरी निघाली. ऑलरेड पद्धतीत किती पेशी रंगल्या याला ५ पर्यंत आणि रंग किती गडद याला ३ पर्यंत गुण देतात. या बाईंना आठपैकी आठ मिळाले.

या दोन रिपोर्टांतला फरक आकड्यांत सांगता येतो. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचा गाठीवरचा परिणाम रोखणारी गोळी) घेतले तर पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते आणि दीर्घकाळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे रुग्णांवर झालेल्या जगभरातल्या औषध-चाचण्यांची एकत्र मोजदाद करून २०११ साली प्रसिद्ध झाले आहे. ही गोळी स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. ट्रिपल निगेटिव्ह असा रिपोर्ट गेला असता तर त्या बाईंना ती कोणी दिलीच नसती.

अशी चूक आपल्याकडेच होते असे कोणी समजू नये. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर प्रांतात १९९७ ते २००५ या काळात ईआरच्या चाचण्या मोठ्या संख्येने चुकल्या होत्या. २००५ साली एका रुग्णाचा जुना निगेटिव्ह नमुना पुन्हा तपासला तेव्हा तो पॉझिटिव्ह निघाला. तिचा कर्करोग लोब्युलर जातीचा होता, आणि लोब्युलर कर्करोग जवळजवळ नेहमीच ईआर पॉझिटिव्ह असतो; त्यामुळे शंका यायला जागा होती. मग हजारच्या घरात नमुने बाहेर पाठवून पुन्हा तपासले गेले आणि चारशेच्या आसपास स्त्रियांचे निकाल बदलले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या आयोगाने २००९ साली दिलेला अहवाल प्रत्येक पॅथॉलॉजिस्टने वाचावा असा आहे. विमा, निधी आणि यंत्रे असलेल्या देशात हे घडले, आणि नमुना हाताळण्यापासून निकालांवर देखरेख ठेवण्यापर्यंत सगळ्याच पायऱ्यांवर ढिलाई सापडली.

या खुणांचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण ‘पुढचे भाकीत’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि रुग्णांची नेमकी तिथेच गल्लत होते. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली असे नोंदवले की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांचा पसरलेला स्तनाचा कर्करोग ओसरतो. काहींचाच का, हे पुढे साठ वर्षे कळले नाही. शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन वापरून दाखवले की हे हर्मोन विशिष्ट अवयवांतच धरून ठेवले जाते, म्हणजे तिथे त्याचा ग्राहक आहे. ज्या गाठींत हा ग्राहक असतो त्याच हर्मोन तोडण्याच्या उपचाराला दाद देतात. उपचाराला दाद मिळेल का, हे सांगणारी खूण ही अशी. रोग मुळात किती वेगाने पुढे जाईल, हे सांगणारी खूण वेगळी. ईआर दोन्ही सांगतो, पण दुसऱ्या बाबतीत तो जरा फसवा आहे. ईआर पॉझिटिव्ह रोग सुरुवातीची वर्षे शांत असतो म्हणून त्याला ‘चांगला’ म्हणण्याची पद्धत पडली. मात्र पाच वर्षे गोळ्या घेऊन पूर्ण केलेल्या ६२,९२३ स्त्रियांचा मागोवा घेणारा २०१७चा अभ्यास सांगतो की लहान गाठ आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्या गटातही विसाव्या वर्षापर्यंत सुमारे १३ टक्के जणींमध्ये रोग शरीरात दूरवर उलटला. ट्रिपल निगेटिव्हचा धोका पहिल्या तीन ते पाच वर्षांत सर्वाधिक असतो आणि त्यानंतर तो झपाट्याने उतरतो. म्हणजे दहाव्या वर्षी कोणाला अधिक निश्चिंत राहता येईल, याचे उत्तर रिपोर्ट हातात पडल्याच्या दिवशी वाटते त्याच्या उलट निघू शकते.

हर-टूची गोष्ट याहून नाट्यमय आहे. लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के गाठींत सतराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या होत्या आणि त्या स्त्रियांचा रोग लवकर उलटत होता. (पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर स्थिरावले.) तेव्हा ही निव्वळ वाईट बातमी होती. १९९८ साली अमेरिकेत हर-टूलाच लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली, २००५ साली ते सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांनाही देऊन रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्यावर आणता येते असे दिसले, आणि तीच खूण आता आम्ही काहीशा दिलाशाने कळवतो, कारण तिच्यावर चालणारे औषध आहे. भारतात त्याच औषधाच्या जैवसमान (मूळ औषधासारख्याच, दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या) आवृत्तीला २०१३ साली मंजुरी मिळाल्यानंतर किंमत उतरू लागली, तरी वर्षभराचा खर्च अनेक घरांना आजही कर्ज काढूनच पेलावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हर-टू ओळखायला मला आवडते. तो केंद्रकात नसून पेशीच्या कडेला असतो. दहा टक्क्यांहून अधिक पेशींना सगळीकडून गडद, अखंड तपकिरी कडा असेल तर तो तीन प्लस. मधाच्या पोळ्याचे खण कोणी शाईने आखावेत तसे चित्र दिसते. फिकट अखंड कडा असेल तर दोन प्लस, आणि मग फिश चाचणीत जनुकाच्या प्रती लाल ठिपक्यांच्या रूपाने प्रत्यक्ष मोजाव्या लागतात. एक प्लस आणि शून्य यांतला फरक इतका पुसट असतो की दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे त्यावर एकमत होईलच असे नाही. अनेक वर्षे त्याची कोणाला फिकीरही नव्हती, कारण दोन्ही निगेटिव्हच धरले जात. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

की-६७ ही वाढीच्या वेगाची खूण. (जर्मनीतले कील शहर आणि प्रयोगाच्या तबकडीतला ६७ क्रमांकाचा खळगा, एवढेच त्या नावाचे मूळ आहे, रुग्ण मात्र त्यात काही गूढ शोधतात.) विभागणीच्या तयारीत असलेल्या पेशी ती रंगवते आणि आम्ही त्यांचे शेकडा प्रमाण सांगतो. ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा अधिक या दोन टोकांना हा आकडा विश्वासार्ह आहे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे म्हणणे आहे. मधला पट्टा धूसर आहे, आणि दुर्दैवाने बहुसंख्य रुग्ण त्याच पट्ट्यात असतात. ‘माझा की-६७ अठरा आहे आणि मैत्रिणीचा बावीस’ अशी तुलना करून झोप घालवणाऱ्या स्त्रिया मला भेटल्या आहेत. तीच स्लाइड दोन प्रयोगशाळांत दिली तर चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या धूसर पट्ट्यातूनच जनुकांच्या चाचण्यांची गरज निर्माण झाली. पेरू, सर्ली, बॉटस्टाइन यांच्या गटाने २००० साली दाखवले की हजारो जनुकांच्या हालचालींवरून स्तनाच्या कर्करोगाचे वेगवेगळे गट पडतात. ल्युमिनल, बेसल ही नावे तिथून आली. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून २००२ साली ७० जनुकांची चाचणी पुढे आली, आणि २००४ साली अमेरिकेत २१ जनुकांची ऑन्कोटाइप डीएक्स. ही दुसरी चाचणी ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रुग्णांसाठी आहे आणि ती शून्य ते शंभर असा एक गुणांक देते (गुणांक जितका जास्त तितका रोग उलटण्याचा धोका जास्त). तिचे खरे मोल २०१८ साली टेलरएक्स नावाच्या, रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांपैकी ११ ते २५ गुणांकाच्या ६,७११ जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला फक्त हर्मोनच्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि केमो. नवव्या वर्षी रोगमुक्त असण्याचे प्रमाण अनुक्रमे ८३.३ आणि ८४.३ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना केमोचे केस गळणे, उलट्या आणि खर्च सोसून हाती काही लागत नव्हते. पन्नाशीच्या आतल्या आणि १६ ते २५ गुणांक असलेल्या स्त्रियांना थोडा फायदा दिसला, आणि आपल्याकडे या रोगाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने तरुण असल्यामुळे ही तळटीप आपल्याला तिथल्यापेक्षा अधिक लागू पडते.

मात्र ही चाचणी करायची तर ब्लॉक अमेरिकेला पाठवावा लागतो आणि खर्च लाखांच्या घरात जातो. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीने कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची चाचणी विकसित केली आहे. ती पाच प्रथिनांची रंगणी आणि गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते), काखेतल्या ग्रंथी यांची सांगड घालते आणि बरीच स्वस्त पडते. पण मला येथे दुसरेच सांगायचे आहे. ऑन्कोटाइपच्या २१ जनुकांपैकी पाच केवळ तुलनेसाठी आहेत. उरलेल्या सोळांत ईआर, पीआर, हर-टू आणि की-६७ ही आपली जुनी ओळखीची मंडळीच आहेत, सोबत त्यांचे नातेवाईक. लंडनचे जॅक क्युझिक यांनी २०११ साली दाखवले की या चार रंगण्यांचे आकडे एका सूत्रात बसवले तर त्यातून मिळणारी माहिती २१ जनुकांच्या गुणांकाच्या तोडीची असते. त्यात मेख एकच होती: ती रंगणी आणि मोजणी एका मध्यवर्ती ठिकाणी काटेकोरपणे झाली होती. म्हणजे जे भाकीत लाखो रुपये मोजून परदेशातून मागवायचे, त्याचा मोठा वाटा चार साध्या स्लाइडमध्ये आधीपासूनच असतो, मात्र त्या स्लाइड विश्वास ठेवण्याजोग्या हव्यात.

म्हणूनच ट्रिपल निगेटिव्हच्या भारतीय आकड्यांकडे मी थोड्या संशयाने पाहतो. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण १० ते १५ टक्के सांगतात, तर भारतातल्या अभ्यासांची बेरीज करणारे निबंध ते पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास मांडतात. आपले रुग्ण तरुण असतात आणि त्यामुळे फरक काही प्रमाणात खरा आहे, यात शंका नाही. तरीही अरुंद तोंडाच्या बरण्या, सलाइनमध्ये बुडवून आणलेले तुकडे आणि शनिवार-रविवार न चिरता पडून राहिलेले स्तन पाहत आलेल्या माणसाला, त्यातले किती जण खरे ट्रिपल निगेटिव्ह आणि किती जण फॉर्मॅलिनचे बळी, हा प्रश्न पडणारच.

आता शून्य आणि एक प्लस यांच्याविषयी. २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या औषधाच्या चाचणीत दिसले की हर-टू एक प्लस असलेल्या, किंवा दोन प्लस पण फिश निगेटिव्ह असलेल्या, रोग पसरलेल्या स्त्रियांनाही त्याचा उपयोग होतो. ज्या रेषेकडे आम्ही वर्षानुवर्षे काणाडोळा केला, तिला एका दिवसात अर्थ आला. तेव्हापासून जुने ब्लॉक पुन्हा मागवले जाऊ लागले आहेत. कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइडवरची प्रथिने काही आठवड्यांत क्षीण होतात, पण मेणाच्या ब्लॉकमध्ये ती वर्षानुवर्षे टिकतात, अर्थात मूळ तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरला असेल तर.

दोन महिन्यांपूर्वी अशीच एक विनंती आली. २०१६ सालच्या रुग्णाच्या यकृतात आता रोग पसरला होता. यकृतातून तुकडा घेणे डॉक्टरांना धोक्याचे वाटत होते, म्हणून त्यांनी जुन्या ब्लॉकवर हर-टू पुन्हा वाचून मागितला. माझ्या जुन्या रिपोर्टात फक्त ‘निगेटिव्ह’ लिहिले होते. शून्य की एक, याची नोंद मी केली नव्हती, कारण तेव्हा मला ती निरर्थक वाटली होती. कपाटातल्या खणातून ब्लॉक काढला, नवा पापुद्रा कापला, कुकर चढवला. शेजारच्या निरोगी नलिका जशा हव्यात तशा दिसत होत्या. गाठीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातल्या पेशींना पुसट, तुटक तपकिरी कडा होती. मी स्लाइड दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिली, मिरजेच्या एका सहकाऱ्यांनाही दाखवली, आणि मग ‘एक प्लस’ असे लिहून खाली त्या नमुन्याचा फॉर्मॅलिनमधला काळ नोंदवला: बावीस तास.